तेरा इंचांचा दोरा

दौंड,
२३ जून १९५७

प्रिय बन्यामीनमामा यांस,
सप्रेम सलाम.

तुम्ही शाळेतून निवृत्त झालात आणि शिरूरच्या पोरांनी त्या दिवशी पेढे वाटले, असं विल्यमदादा सांगत होता. त्यांची सुटका झाली, माझी मात्र होऊ देऊ नका, एवढंच मागायला हे पत्र.

गोष्ट अशी आहे. आमच्या शाळेत आठवीपासून मुलींना नुसतं अंकगणित. बीजगणित शिकवायला कोणी नाही, आणि त्याच्याशिवाय पुढे सायन्सचं दार बंद. यंदा सातवीत नऊ मुली अशा आहेत की मी फळ्यावर उदाहरण लिहून खडू खाली ठेवायच्या आत त्यांची उत्तरं तयार असतात. मुख्याध्यापिका प्रेमाबाई म्हणाल्या, "गणित घेऊन इंटर हो, पुढच्या जूनला बीजगणिताचा वर्ग काढू. त्यापुढं मी थांबेन गं, पण मुली कशा थांबतील?" म्हणून मी येत्या मार्चमध्ये बाहेरून इंटरला बसते आहे.

बीजगणित जमेल. भीती आहे ती कॅलक्युलसची. तुम्ही चौतीस वर्षं गणित शिकवलंत. मी उदाहरणं सोडवून पाठवीन, तुम्ही तुमच्या त्या लाल पेन्सिलीनं तपासून परत पाठवा. सोबत पहिली तीन आहेत.

कृपामामींना सलाम सांगा.

तुमची,
ग्लॅडिस

---

शिरूर,
२ जुलै १९५७

चि. ग्लॅडिस हीस,
अनेक आशीर्वाद.

पेढे वाटले नव्हते, गुडदाणी वाटली होती. विल्यमला म्हणावं, रेल्वेचा गार्ड झालास तरी ऐकीव माहिती तपासायला शिकला नाहीस.

टपालातून गणित शिकवायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. पण उंट सध्या रिकामाच बसून आहे आणि सकाळपासून तुझ्या मामीच्या चुलीत डोकावून तिला सल्ले देतो आहे. तेव्हा शेळ्या पाठव.

तिन्ही उदाहरणं पाहिली. रीत बरोबर, उत्तरं बरोबर. तिसऱ्यात 'चौरस यार्ड' लिहायचं विसरलीस. अर्धा गुण कापला आहे. नुसत्या आकड्याला मी उत्तर म्हणत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. बारा म्हणजे काय? बारा आंबे, बारा कोस की बारा महिने?

कॅलक्युलसचं म्हणशील तर जुन्या पुस्तकांत त्याला शून्यलब्धि म्हणत. घाबरण्यासारखं काही नाही, बीजगणिताचंच थोरलं भावंड आहे. खुशाल पाठव.

तुझा,
बन्यामीनमामा

---

दौंड,
२१ जुलै १९५७

प्रिय मामा,
सप्रेम सलाम.

अर्धा गुण पोचला. म्हणजे गेला.

आता थोरल्या भावंडाकडे वळते. एका बाजूला भिंत आहे. साठ यार्ड तारेचं कुंपण घालून उरलेल्या तीन बाजू बंद करायच्या, तर आत जास्तीत जास्त जागा कशी मिळेल? पुस्तक म्हणतं, क्षेत्रफळाचं समीकरण मांडा, त्याचं डेरिव्हेटिव्ह काढा, ते शून्य धरा. मी तसं केलं. रुंदी पंधरा यार्ड आली, लांबी तीस यार्ड. (एकक लिहिलं आहे.)

पण मामा, शून्यच का धरायचं? पुस्तक नुसतं 'धरा' म्हणतं. कुणी दारात येऊन 'धरा' म्हटलं तर आपण विचारत नाही का, काय आहे आणि का धरू?

तुमची,
ग्लॅडिस

---

शिरूर,
३० जुलै १९५७

चि. ग्लॅडिस हीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तर बरोबर. पण एवढ्याशा कुंपणाला थोरलं भावंड कशाला बोलवायचं? रुंदीला क्ष म्हण, क्षेत्रफळ झालं साठ क्ष वजा दोन क्ष वर्ग, याचा पूर्ण वर्ग कर. चारशे पन्नास वजा, क्षमधून पंधरा गेले त्याच्या वर्गाची दुप्पट. वर्ग कधी ऋण होत नाही, म्हणजे वजा होतं ते कमीत कमी शून्य, आणि ते क्ष पंधरा असताना. चार ओळींत काम झालं. हातच्या कंकणाला आरसा कशाला?

शून्य का धरायचं, हे तू स्वतः शोध आणि मला लिही. मी आयतं सांगितलं तर तुझी बुद्धी आळशी होईल. माझी शिकवण्याची पद्धत पहिल्यापासून अशीच आहे.

तुझा,
बन्यामीनमामा

---

दौंड,
११ ऑगस्ट १९५७

प्रिय मामा,
सप्रेम सलाम.

तुमच्या चार ओळी मी प्रेमाबाईंना दाखवल्या. त्यांना गणितातलं काही कळत नाही, पण त्या म्हणाल्या, "अक्षर सुरेख आहे."

आता हे पाहा. चोवीस इंचांचा चौकोनी पत्रा आहे. चारही कोपऱ्यांतून सारखे चौकोन कापून टाकायचे, उरलेल्या बाजू वर दुमडायच्या, की झाकणाशिवायचा डबा झाला. थोडं कापलं तर डबा उथळ, फार कापलं तर खोल पण अरुंद. तर किती इंचांचे चौकोन कापले असता डब्यात जास्तीत जास्त मावेल?

इथे पूर्ण वर्ग करता येत नाही, कारण क्षचा घन येतो. मी चार दिवस प्रयत्न केला. इथे थोरल्या भावंडाशिवाय गत्यंतर नाही. तुम्ही तुमच्या रीतीनं करून पाठवा, मी माझ्या रीतीनं करते, मग दोन्ही ताडून पाहू.

तुमची,
ग्लॅडिस

---

शिरूर,
१५ सप्टेंबर १९५७

चि. ग्लॅडिस,

महिना झाला तुला उत्तर नाही म्हणून मीच हे कार्ड टाकते आहे. तू मामांना काय विचारलंस? माणूस ताळ्यावर नाही. दिवसभर गनीभाईच्या दुकानात बसतात. तो पत्रा जोडून डबे झाळतो, हे त्याला शिकवतात. घरात पाच उघडे डबे आले आहेत, एकालाही झाकण नाही. दवाखान्यातून औंसाचा पेला आणि गवंड्याकडून पाणसळ मागून आणली आहे. अंगणात डबा समतल ठेवायचा, पाणी ओतायचं, पेले मोजायचे आणि मी हाक मारली की आकडा चुकला म्हणून माझ्यावरच ओरडायचं. एक डबा मी गुपचूप कोंबड्यांना पाण्याला लावला आहे. हे मी लिहिलं असं सांगू नको.

तुझी,
कृपामामी

---

शिरूर,
२९ सप्टेंबर १९५७

चि. ग्लॅडिस हीस,
अनेक आशीर्वाद.

प्रकृती ठीक नसल्याने उशीर झाला. डब्याचं उत्तर साडेचार इंच. वरवर आकडेमोड करणाऱ्याला ते चार इंच वाटेल, पण शून्यलब्धीनं सूक्ष्म विचार केला असता साडेचारच येतं. तूही तेच काढलं असशील.

रीत विस्तारानं लिहीत नाही. कागद लहान आहे.

तुझा,
बन्यामीनमामा

---

दौंड,
६ ऑक्टोबर १९५७

प्रिय मामा,
सप्रेम सलाम.

तुमचं पत्र आल्यापासून माझं जेवणात लक्ष नाही. मला उत्तर चार इंच येतं. नऊ वेळा केलं, नऊही वेळा चार. चार इंच कापले तर डबा सोळा, सोळा, चार, म्हणजे एक हजार चोवीस घन इंच. साडेचार कापले तर एक हजार साडेबारा. हा तर साधा गुणाकार आहे. तरी तुम्ही म्हणता साडेचार, आणि तुम्ही गणितात चुकल्याचं मला आठवत नाही.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगते. गेल्या मार्चमध्येही मी इंटरला बसले होते. बाकी सगळ्यांत पास झाले आणि गणितात एकतीस गुण मिळून नापास झाले. विल्यमदादालाही ठाऊक नाही. मला रीती पाठ होत्या, पण का, ते एकीचंही ठाऊक नव्हतं, आणि पेपरात जो प्रश्न जरा फिरवून आला तो मी सोडूनच दिला. म्हणून तुमच्याकडे आले. यंदा राहिलं तर वर्ग गेला आणि त्या नऊ मुली गेल्या.

तेव्हा मामा, माझ्यावर रागवा हवं तर, पण साडेचार कसे काढलेत ते खरं खरं लिहा.

तुमची,
ग्लॅडिस

---

शिरूर,
१३ ऑक्टोबर १९५७

चि. ग्लॅडिस,

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आज मूठ उघडतो. आत काही नाही.

मला कॅलक्युलस येत नाही. आमच्या मॅट्रिकला ते नव्हतं, पुढे कॉलेजात मी गेलो नाही, आणि चौतीस वर्षांत ते शिकवायची वेळ आली नाही. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला इतका आनंद झाला की 'येत नाही' हे लिहिताच येईना. शाळा सुटल्यापासून कुणी मला काही विचारलंच नव्हतं गं.

डब्याचं खरं असं झालं. गुणाकारानं मलाही चारच येत होते. पण चारच का, सव्वाचार का नाही, हे सिद्ध करता येईना. म्हणून गनीकडून तीन, साडेतीन, चार, साडेचार आणि पाच इंच कापून पाच डबे करून घेतले आणि पाण्यानं मोजले. चारच्या डब्यापेक्षा साडेचारच्या डब्यात सव्वादोन औंस पाणी जास्त मावलं. तीनदा मोजलं. पाणी खोटं बोलत नाही. मला वाटलं, गुणाकाराला न दिसणारं काहीतरी त्या कॅलक्युलसला दिसत असणार. म्हणून साडेचार लिहिले आणि वर तुला 'सूक्ष्म विचार' ऐकवला. पाणी एकूणच हिशेबापेक्षा कमी भरत होतं, पण तो दोष मी माझ्या म्हातारपणाकडे टाकला.

तुला नापास झाल्याचं सांगायला धीर लागला. मला माझं सांगायला तुझा धीर उसना घ्यावा लागला.

उद्याच्या एस.टी.नं साडेचारचा डबा कंडक्टरबरोबर पाठवतो. तूच पाहा, काय घोटाळा आहे.

तुझा मामा

---

दौंड,
२० ऑक्टोबर १९५७

प्रिय मामा,
सप्रेम सलाम.

तुमचं पत्र वाचून आधी रडले आणि मग इतकी हसले की शेजारच्या सिंधूबाई पाहायला आल्या. मला येत नाही ते तुम्हालाही येत नाही, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. असं लिहू नये, पण वाटलं.

घोटाळा सापडला. डबा हातात घेतला आणि पट्टी लावली. साडेचार इंच कापले असले तरी आतून खोली चारच इंच आहे. अर्धा इंच वरच्या काठात गेला आहे. गनीभाईंनी सगळा काठ आत तार घालून मुरडला आहे. इतका सफाईनं की हात फिरवेपर्यंत माझ्याही लक्षात आलं नाही.

म्हणजे मामा, पुस्तकही खरं, पाणीही खरं. पुस्तकातला डबा काठ न मुरडलेला आहे, तुमचा मुरडलेला. तुमच्या चारच्या डब्यात मावतात आठशे शहाण्णव घन इंच, साडेचारच्यात नऊशे. फरक सव्वादोन औंसांचा. तुमचे पेले अगदी बरोबर होते. म्हातारपणाचा काही दोष नाही.

मग मी मुरडलेल्या काठाचं नवं समीकरण मांडलं. पुस्तकात ते नाही, पहिल्यांदाच माझं स्वतःचं मांडलं. त्याचं उत्तर चारही नाही आणि साडेचारही नाही. चार पूर्णांक एक तृतीयांश आहे. तेवढे कापून डबा केला तर तो तुमच्या साडेचारच्या डब्यालाही हरवेल. फार नाही, पाऊण औंसाला जरा कमी, इतक्यानं.

गनीभाईंच्या पट्टीवर एक तृतीयांश इंच मिळणार नाही. त्यांना सांगा, तेरा इंचांचा दोरा घ्या आणि तीन सारखे पदर करा. एक पदर कापायचा.

तुमची,
ग्लॅडिस

---

शिरूर,
३ नोव्हेंबर १९५७

चि. ग्लॅडिस हीस,
अनेक आशीर्वाद.

गनीला विचारलं, काठ मुरडलास हे मला सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "सर, तुम्ही इचारलं न्हाई. आन् कच्चा काठ ठिवून डबा दिला तर घेणाराची बोटं कापत्यात. आमच्या वडलांपास्नं असा डबा दुकानातनं भाईर गेला न्हाई."

पुस्तकातल्या डब्याला कुणी हात लावत नाही, म्हणून त्याला काठ मुरडावा लागत नाही.

तुझं माप ऐकून तो आधी वैतागला. चार इंच दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) म्हणा, नाहीतर तीन सूत म्हणा, मधलं म्हणू नका, असं त्याचं म्हणणं. मग दोरा दिला. तेरा इंच मोजून तीन पदर केले तेव्हा कामाला लागला.

काल अंगणात मोजलं. तुझी मामी, गनी आणि मी. तीनदा ओतलं. तिन्ही वेळा नव्या डब्यानं तू परत पाठवलेल्या साडेचारच्या डब्याला हरवलं, आणि फरक तू लिहिलास तेवढाच, पाऊण औंसाला जरा कमी.

ग्लॅडिस, मी आयुष्यभर फळ्यावर उत्तरं काढली. पण जो डबा अजून झालेलाच नाही, त्याच्याबद्दल कागदानं आधी सांगावं आणि मग डब्यानं तसंच करून दाखवावं, हे मी काल पहिल्यांदा पाहिलं. माझे डोळे भरून आले. मामी म्हणाली, पाणी उडालं असेल.

आता मला शिकव. मला 'धरा' म्हणून चालणार नाही. शून्य का?

तुझा मामा

---

दौंड,
१ डिसेंबर १९५७

प्रिय मामा,
सप्रेम सलाम.

शून्य का, ते तुम्ही विचारल्यामुळे मला सापडलं. तुम्ही टेकडी चढता आहात. एकेका पावलानं वर जाता. माथ्यावर पोचलात की ते एक पाऊल वरही नेत नाही आणि खालीही नेत नाही. डेरिव्हेटिव्ह म्हणजे त्या पावलाचा चढ. माथ्यावर तो शून्य. म्हणून माथा हवा असेल तर चढ शून्य धरायचा. डब्याचंही तसंच. कापत गेलं की माप चढत जातं, आणि पुढे उतरायला लागतं.

पटलं का?

तुमची,
ग्लॅडिस

---

शिरूर,
१० डिसेंबर १९५७

चि. ग्लॅडिस हीस,
अनेक आशीर्वाद.

पटलं. पण सगळं नाही. विहिरीच्या तळाशी उतरलो तरी पाऊल सपाटच पडतं. तिथेही चढ शून्य. मग मी माथ्यावर आहे की विहिरीत, हे तुझ्या समीकरणाला कसं कळतं? तुझ्या पुस्तकातल्या डब्याचं मी तू लिहून पाठवलेल्या रीतीनं डेरिव्हेटिव्ह काढून शून्य धरून पाहिलं, तर उत्तरं दोन आली, चार आणि बारा. चोवीसच्या पत्र्यातून चारही कोपरे बारा-बारा कापले तर पत्राच उरत नाही. बारा ही विहीर आहे. हे मला दिसतं, पण गणितानं दाखव.

तुझा मामा

---

दौंड,
३० मार्च १९५८

प्रिय मामा,
सप्रेम सलाम.

काल गणिताचा पेपर झाला. एक प्रश्न होता, येणारं मूल्य महत्तम की लघुतम ते सकारण दाखवा. गेल्या वर्षी नेमका हाच प्रश्न सोडून मी बाहेर आले होते. या वेळी तो वाचला आणि मला तुमची विहीर दिसली. डिसेंबर-जानेवारीत त्या विहिरीवर तुम्ही मला सहा पत्रं लिहायला लावलीत, तेव्हा मी तुमच्या नावानं बोटं मोडत होते. चढ हळूहळू कमी होत शून्याला आला तर माथा, उतार हळूहळू कमी होत शून्याला आला तर विहीर. परीक्षकांना टेकडी नाही लिहिली, नीट दुसरं डेरिव्हेटिव्ह काढून दाखवलं. पण मनात टेकडीच होती.

निकाल जूनमध्ये. तोवर प्रार्थना करा.

तुमची,
ग्लॅडिस

---

शिरूर,
१२ जून १९५८

चि. ग्लॅडिस हीस,
अनेक आशीर्वाद.

विल्यमची तार मिळाली. पास, आणि गणितात एकसष्ट. मामीनं पोस्टमनला बसवून शिरा खाऊ घातला. मी तार तीनदा वाचली, मग गनीला दाखवायला गेलो. त्यानं भिंतीवर खिळ्याला टांगलेला दोरा काढून मला दाखवला. चोवीसच्या पत्र्याचे उघडे डबे तो आता त्याच दोऱ्यानं कापतो. कुणी विचारलं की सांगतो, हे दौंडच्या बाईंचं माप हाय.

सोबत एस.टी.नं एक डबा पाठवतो आहे. काठ मुरडलेला आहे, मुलींची बोटं कापणार नाहीत. त्यात खडू ठेव. आतल्या पुडीत माझी लाल पेन्सिल आहे. आखूड झाली आहे, पण अजून एका वर्गाला पुरेल. आता ती माझ्याकडे शोभत नाही.

आणखी एक कागद आहे. गनीनं विचारलं, तेलाचा गोल डबा ठरावीक मापाचा करायचा तर पत्रा कमीत कमी कसा लागेल? मी एकट्यानं सोडवलं. लघुतम आहे हेही दाखवलं आहे. तपासून पाठव. मामा म्हणून सूट देऊ नकोस.

तुझा,
बन्यामीनमामा

---

दौंड,
२२ जून १९५८

प्रिय मामा,
सप्रेम सलाम.

सोमवारी वर्ग सुरू झाला. नऊ नाही, अकरा मुली. दोघी यवतहून रोज येतात. खडू तुमच्या डब्यात आहेत आणि डबा टेबलावर आहे. डबा पाहून एकीनं पहिल्याच तासाला विचारलं, "बाई, ह्ये असंच माप का घेतलंय?" मी म्हटलं, दोन वर्षं थांब, सांगते. मग वाटलं, हे तर तुमच्यासारखं झालं, म्हणून लगेच सांगितलं. ती दोरा मागायला लागली.

तुमचा कागद तपासला. मांडणी सुरेख. शून्य का धरलं ते सकारण लिहिलं आहे. लघुतम असल्याचं नीट दाखवलं आहे. त्रिज्या तीन, उंची सहा, म्हणजे उंची व्यासाइतकी. अगदी बरोबर.

पण मामा, तीन काय आणि सहा काय? आंबे, कोस की महिने? तुम्ही विसरलात, की मला कापायला मिळावं म्हणून सोडलंत, ते मी विचारणार नाही. कागद वर्गात सगळ्या मुलींसमोर धरला आणि तुमच्याच पेन्सिलीनं खाली लिहिलं. तो सोबत परत पाठवते आहे.

दहापैकी साडेनऊ. एकक लिहावे.

तुमची,
ग्लॅडिस